नववीच्या वर्गासाठी एक कादंबरी

नववीला अवांतर वाचनासाठी एखादी कादंबरी निवडा, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात एकच पुस्तक आलं. मी स्वतः नववीत असताना वाचलेलं. वसतिगृहात ठेवलेली एक मुलगी असते. तिला तिथं राहवत नाही आणि घरी सांगायची सोय नाही. शेवटी एक दिवस न कळवता आई फाटकाशी येऊन उभी राहते, 'न्यायला आले' म्हणते. त्या पानावर मी तेव्हा इतकी रडले होते की जेवायलाही उठले नाही.

ह्या खेपेला लातूर-चाकूर अप-डाऊन करताना बसमध्ये वाचून काढलं. डोळ्याला टिपूस नाही. लाल पेनानं अवघड शब्दांखाली रेघा मारल्या, प्रकरणांवर प्रश्न काढले. शेवटचं पान संपलं तेव्हा चाकूरचा स्टँड आला होता. पुस्तक पिशवीत टाकून उतरले. रडू आलं नाही याचं वाईटसुद्धा वाटलं नाही.

वर्षभर असंच चाललंय. आमचं घर नांदेडला, हे तिथंच नोकरीला. लेक मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत राहिली, म्हणून रिपीट करायली. तिच्या क्लाससाठी मी चाकूरला बदली मागून घेतली आणि लातुरात खोली केली. आमच्या गल्लीत अशा आयाच आया. सकाळी डबे, संध्याकाळी मार्क. एकमेकींचं नाव कुणी विचारत नाही, पोराला किती पडले ते विचारतात. लेकीचे मार्क घसरत गेले तशी ती बोलायची बंद झाली. मीही. 'मला हे नको' असं एकदा म्हणाली होती. सगळ्यांनाच असं वाटतं, एवढं वर्ष काढ, असं सांगून मी भाजी फोडणीला टाकली.

मुख्याध्यापकांना पुस्तक पटलं नाही. मुलगी शिक्षण अर्धवट टाकून घरी जाते, पालक आपल्या नावानं बोंब मारतील, म्हणाले. मी भांडले, लई भांडले. पोर आतल्या आत गुदमरत असेल तर आईनं जाऊन घेऊन यावं, यात आपण वाईट काय शिकवतो, असं विचारलं.  शेवटी ते, बघा तुम्हीच, म्हणाले.

रविवारी मी पोळ्या करत होते. लेक भिंतीला टेकून तेच पुस्तक वाचत बसलेली. दुपारी तिची टेस्ट होती. 'अभ्यासाचं घे' असं ओठावर आलेलं गिळलं. पुस्तक मिटून ती बऱ्याच दिवसांनी पूर्ण वाक्य बोलली.

"हिची आई लांब होती, म्हणून न्यायला तरी आली. तू तर इथंच राहायलीस माझ्यासंग. मला न्यायला कोण येणार?"

पोळी तव्यावर करपली. खरं सांगते, तेव्हाही रडू आलं नाही. गॅस बंद केला, पिठाचे हात ओढणीला पुसले, चप्पल घातली आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. जिन्यात कपडे वाळत घालणाऱ्या शेजारणीनं, बाजारला निघालात का, म्हणून विचारलं. मी मागं वळले. आपल्याच दाराची कडी वाजवली.

"न्यायला आले," मी म्हणाले. "बॅग भर. नांदेडला जाऊ."

 आतून कॉटखालची बॅग ओढल्याचा आवाज आला.