जिथं वड्या वाळतात

सुमनमामी गेल्याचा ट्रंक कॉल समोरच्या औषधाच्या दुकानात आला, तेव्हा आमच्याकडे मुगाची डाळ भिजून वाटायला तयार होती. एप्रिलचा शेवट, सकाळी आठलाच गच्चीवर पाय पोळत होते. इटलीतून मनोहरमामाचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा येत होता. आईने धाकट्या भावाचं सगळं ऐकून घेतलं, घरी आली, डाळीवर ताट झाकलं आणि ओट्यावर जाऊन बसली... दुसऱ्या दिवशी ती डाळ फेकावी लागली. आईने डाळ आंबू दिली, हे मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं.

वड्यांशिवाय मामीची आठवण सांगताच येत नाही, म्हणून सुरुवातच तिथून करते. मामा नागपुरात कापडगिरणीत फिटर होता. साठच्या दशकात यंत्रं शिकायला म्हणून जर्मनीला गेला, सहा महिन्यांसाठी, आणि तिथल्याच कारखान्यात चिकटला. वर्षभराने मामीला बोलावून घेतलं. मामीने काय न्यावं? माझ्या आजीचं एक जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं. दर उन्हाळ्यात त्यावरच आमच्या मुगवड्या पडायच्या. स्टेशनवर आईने सगळ्यांदेखत विचारलं, "तिकडे तं ऊनच नाही म्हंतात. वड्या कुठं वाळवशील वं?" मामी खिडकीतून म्हणाली, "नाही वाळल्या तं वापस येऊ, बाई. वाळल्या तं मात्र बोलावू नका."

सगळे हसले. आई हसली नाही. तिला एकच भाऊ, आणि तो म्हातारपणी तरी आपल्या डोळ्यांपुढे असावा एवढंच तिला हवं होतं. भावजयीची थट्टा तिने गाठीला बांधून ठेवली.

पुढची बारा-तेरा वर्षं पत्रं आली ती आईच्याच बाजूने. त्या ढगाळ गावात मामीने खिडकीत वड्या घातल्या, त्यांना बुरशी आली. खोली तापवायच्या हीटरवर घातल्या, तर लसणाच्या वासाने खालची शेजारीण गॅस गळतोय की काय म्हणून धावत वर आली. हीटरवर वाळलेली वडी ही वडीच नाही, असा निकाल मामीने स्वतःच दिला. प्रत्येक मे महिन्यात पत्राच्या शेवटी एक ओळ असायची, "यंदाही नाही." ती वाचली की आईचा चेहरा खुलायचा. दोन-तीन पत्रांनंतर तिने वरची खोली बांधायला काढली.

मामा निवृत्त झाला. खोलीला चुना लागला. पण दोघांनी कळवलं की मूलबाळ नाही, हातपाय धड आहेत, तर थोडं फिरून येतो. आणि मग कार्डं येऊ लागली. लोक परदेशातून काय काय लिहितात! आमची मामी पॅरिसहून लिहायची, "मनोरा उंच आहे. ऊन पुचाट." स्वित्झर्लंडहून, "बर्फ पाहून घेतला. डाळ पिशवीतच." स्पेनमध्ये ऊन बरं निघालं, पण हॉटेलच्या गच्चीवर कबुतरं फार. मामाला वर्तमानपत्र देऊन राखणीला बसवलं. आठ दिवसांत त्या देशात मामाने पाहिलं काय, तर कबुतरं, आणि तरीही अर्ध्या वड्या गेल्या. मामाला मात्र याचं काही वाटायचं नाही. बायकोचं ऊन शोधत हिंडण्यासारखी मजा नाही, असं त्याने मला एकदा लिहिलं होतं.

शेवटी दक्षिण इटलीत, समुद्राकाठच्या एका खेड्यात, काळा झगा घातलेली विधवा घरमालकीण भेटली. ती गच्चीवर फळ्या मांडून टमाटे वाळवत होती. लुगडं हातात घेतलेली मामी दिसताच म्हातारीने काही न विचारता आपल्या फळ्या सरकवून जागा केली. दोन दिवसांनी आमच्याकडे पत्र निघालं. त्यात दोनच शब्द होते: "बाई, वाळल्या."

दोघं तिथेच दोन खोल्या घेऊन राहिले. आईने चार महिने पत्राचं उत्तर दिलं नाही. मलाही तेव्हा मामीचा राग आला होता, खोटं कशाला बोलू...

दोन हिवाळ्यांपूर्वी ती शेवटची आली, तेव्हा वड्यांचा डबाच घेऊन आली. आईने झाकण उघडलं आणि कपाळाला आठी. "ह्या अशा चपट्या काहून? वडीले टोक पाहिजे." मामी म्हणाली, हलक्या उन्हाची सवय लागली, अंगठ्याने दाबली की लवकर वाळते. आईने "फुहडपणा" एवढंच म्हणून त्यांची भाजी केली. जेवताना मामीने मला कोपराने ढोसलं आणि कानात पुटपुटली, "दुसऱ्यांदा वाढून घेऊन राहिल्या. बोलू नको." तिचे डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं.

तिकडचं सगळं आटोपून मामा मे महिन्यात आला. सोबत एक बॅग आणि ते लुगडं. आता तो राहणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. आईने वरच्या खोलीत नवी गादी घातली. दहाव्या दिवशी मामा हळूच म्हणाला, "ताई, जूनमध्ये म्हातारी फळ्या सरकवून जागा करते. यंदा ती जागा खाली राहिली तं..." 

आईने लुगड्याची घडी उलगडून पुन्हा घातली. मग म्हणाली, "तुले वड्या घालता येतात?"

"मी तं निस्ती राखण केली."

त्या संध्याकाळी तिने डाळ भिजत घातली. पहाटे दोघं भाऊबहीण गच्चीवर लुगडं पसरून समोरासमोर बसली. मामाने पहिली वडी घातली आणि तिच्यावर अंगठा दाबला. इतकी वर्षं पाहून पाहून तेवढं त्याला पाठ होतं. मला वाटलं, आता आई बोलणार. मी चहा ठेवायला खाली आले.

मागच्या आठवड्यात मामा इटलीला परत गेला. लुगडं आईनेच घडी करून त्याच्या बॅगेत ठेवलं, वर दोन किलो डाळ. म्हातारीला सांग, सुमनच्या नणंदेनं पाठवली, म्हणाली.

मामाने त्याच्या वड्या सोबत नेल्या. आईच्या तेवढ्या घरी राहिल्या. काल भाजी करायला म्हणून मी डबा काढला. हलवून पाहिला, खडखड वाजला. झाकण उघडलं. एकाही वडीला टोक नव्हतं.