नख्याचं बोट

गॅरेजमध्ये त्याला सगळे नख्या म्हणत. खरं नाव बायकोलासुद्धा एखादा अर्ज भरतानाच आठवायचं. गाडी कुणाचीही असो, ओरखडा कुठेही असो, नख्या आधी तो भाग साबणाच्या पाण्याने धुवायचा, कोरडा करायचा आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख ओरखड्यावरून आडवं फिरवायचा. नख अडलं तर मान हलवायचा. "हा पॉलिशने जायचा नाही. रंगवावं लागेल, नाहीतर आहे तसा राहू द्या." नख सरकन गेलं तर म्हणायचा, "वरवरचा आहे. उद्या या." एकतीस वर्षांत त्याचं निदान चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. "डॉक्टर नाडी बघतात, आमचा नख्या गाडीची कातडी बघतो," असं मालक गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा.

त्याच्या फळीवर कंपाउंडचे, म्हणजे रंग घासायच्या लेपाचे, डबे ओळीने मांडलेले असत. सगळ्यात डावीकडे खरखरीत, मग मधलं, मग बारीक, आणि शेवटी नुसती चमक आणणारं मेण. पण तो हात घालायचा तो कायम उजवीकडून. आधी सगळ्यात नरम लावून बघायचं, तेही तळहाताएवढ्याच जागेवर. उतरलं नाही तर एक पायरी वर चढायचं. "पॉलिश म्हणजे भरणं नव्हे रे, झिजवणं आहे," तो म्हणायचा. "ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा रंग खाली आणायचा, म्हणजे ओरखडा दिसत नाही. दर वेळी गाडी थोडी पातळ होते. लोकांना वाटतं, नवी झाली." आणखी एक जात होती, भरणाऱ्या पॉलिशची. ते रेषांमध्ये जाऊन बसतं, गाडी आरशासारखी दिसते आणि दोन धुण्यांत सगळं पुन्हा वर येतं. तो डबा नख्या फळीवर ठेवूच द्यायचा नाही.

मालक आणि तो एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले होते. मालकाने पुढे स्वतःचं गॅरेज काढलं, रंगाची फवारणी स्वतःकडे ठेवली आणि पॉलिश नख्याकडे दिलं. चारचौघांत नख्या त्याला शेठ म्हणायचा, एरवी अरे-तुरे. दोन वर्षांपूर्वी मालकाने रंगाची जाडी मोजायचं एक छोटं यंत्र आणलं. पत्र्याला टेकवलं की आकडा दाखवायचं. नख्याने ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि परत खोक्यात घातलं.

"मला हे शिकवणार का आता?"

"अरे, शिकवणार कशाला? असू दे जवळ."

"बोट आहे ना माझं. त्याला बॅटरी लागत नाही."

सगळे हसले. खोकं फळीच्या वरच्या खणात गेलं ते तिथेच राहिलं.

बोटांचं दुखणं त्याआधीच सुरू झालं होतं. पहिल्यांदा नुसत्या मुंग्या यायच्या. दिवसभर घरघरणारं मशीन धरायचं म्हणजे मुंग्या येणारच, असं तो धरून चालला होता. मग गार सकाळी बोटांची टोकं पांढरी पडायला लागली, जणू कुणी त्यांतलं रक्त पिळून काढलंय. चहा प्यायल्यावर ती परत लाल व्हायची आणि जळजळायची. पुढे जळजळही थांबली. त्याला बरं वाटलं. दुखणं गेलं असंच त्याला वाटलं.

ते गेलं नव्हतं हे बायकोने पाहिलं. गॅसवरून उतरवलेलं दुधाचं पातेलं ती फडक्याने धरून ठेवायला गेली, तर नख्याने ते नुसत्या हाताने उचललं आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं. चेहऱ्यावर काही नाही. थोड्या वेळाने त्याच्या दोन बोटांवर टपोरे फोड आले.

"भाजलं नाही तुम्हाला?"

"सवय आहे."

"सवय म्हणे! हात आहे की पक्कड?"

तिने हट्ट धरून त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले, टाचणीचं टोक बोटांना लावलं आणि विचारलं, "कळतंय?" नख्याने अंदाजाने दोनदा हो म्हटलं. दोन्ही वेळा टाचणी डॉक्टरांच्या खिशाला अडकवलेली होती. वर्षानुवर्षं मशीनच्या थरथरण्याने बोटांतल्या शिरा मेल्यात, म्हणाले. आता मशीन सोडा, नाहीतर उरलीसुरली जाणीवही जाईल. गेलेली परत येईल का, असं बायकोने विचारलं. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहीत राहिले.

घरी येताना नख्या म्हणाला, "गॅरेजमध्ये बोलू नकोस."

"मी कशाला बोलू? तुम्हीच बोला."

तो बोलला नाही. दुखणं अंगावर काढायची सवय होतीच, आता ते लपवायचीही लागली. तो ओरखड्यावर नख फिरवायचा, तोंड गंभीर करायचा आणि निदान डोळ्यांनी करायचा. पत्रा उजेडाला तिरपा धरून बघायचा. ओरखडा पांढरट दिसला तर वरवरचा, तळाशी काळपट दिसला तर खोल. बऱ्याचदा ते बरोबर यायचं. एखाद्या गाडीवर चुकलं तरी जाड रंगाने सांभाळून घेतलं. अशी दीड वर्षं गेली.

मग बाईंची काळी गाडी आली.

बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. गाडी त्यांच्या नवऱ्याने घेतलेली. तो गेल्यावर बाईंनी साठीच्या उंबरठ्यावर गाडी चालवायला शिकून घेतलं, पण गाडी बदलली नाही. दर दोन वर्षांनी ती नख्याकडेच यायची आणि बाई खुर्ची ओढून काम बघत बसायच्या. काळा रंग म्हणजे पॉलिशवाल्याची परीक्षा. जरा हात चुकला की उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसतात. नख्याच्या हाताखालून गेलेल्या त्या गाडीवर तशी एकही रेषा नव्हती.

या खेपेला बॉनेटच्या कडेच्या उंचवट्यावर वीतभर ओरखडा होता.

"फाटकाला घासली," बाई म्हणाल्या. "आता पुरे झालं माझं चालवणं. भाचीला देऊन टाकतेय. पण द्यायची ती नीट द्यायची. यांच्या वेळचा रंग आहे तो, मला दुसरा मारायचा नाहीये. पॉलिशने जात असेल तरच हात लावा. नसेल जात तर ओरखड्यासकट देईन, ती काही नाही म्हणायची नाही."

नख्याने तो भाग धुतला, पुसला, नख फिरवलं. हाताला काहीच लागलं नाही. अलीकडे कधीच लागत नव्हतं. त्याने वाकून बघितलं. काळ्या रंगावर ओरखडा पांढरट दिसत होता, पण उंचवट्यावर उजेड तुटत होता, तळ दिसत नव्हता. वर खणात यंत्राचं खोकं होतं. ते काढायचं म्हणजे बाईंसमोर, मालकासमोर काढायचं.

"जाईल," तो म्हणाला. "संध्याकाळी या."

बाई त्या दिवशी थांबल्या नाहीत. त्यांना भाचीच्या नावाचे कागद करायला जायचं होतं.

त्याने नेहमीसारखं नरमपासून सुरू केलं. रेषा तशीच. मधलं घेतलं. रेषा अंधूक झाली, पण गेली नाही. दोन पायऱ्यांत जो जात नाही तो ओरखडा पॉलिशचा नव्हे, हे तोच आजवर सगळ्यांना सांगत आला होता. त्याने मशीन बंद केलं, थोडा वेळ उभा राहिला आणि मग डावीकडचा डबा उघडून लोकरीचं पॅड चढवलं. जाईल असं तो बोलून बसला होता.

उंचवट्यावर रंग मुळातच पातळ बसलेला असतो आणि मशीनचा सगळा दाब तिथेच येतो. म्हणून तिथे चार फेरे मारले की पत्र्याला हात लावून बघायचा असतो. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर थांबायचं. नख्याने हात लावला. त्याला पत्रा गार वाटला. पुन्हा चार फेरे, पुन्हा हात, पुन्हा गार. मग त्याचं लक्ष पॅडकडे गेलं. पांढरी लोकर काळी झाली होती. वरचा पारदर्शक थर संपून खालचा रंग निघायला लागला होता. त्याने मशीन उचललं, पण तोवर उंचवट्यावर बोटाच्या पेराएवढा राखाडी डाग उघडा पडला होता. रंगाखालचं अस्तर. आणि डागाच्या बरोबर मधून ओरखडा तसाच गेलेला, आता आणखी स्पष्ट.

मशीन खाली ठेवायचंही त्याला सुचेना.

मालक आला. डाग बघितला, पॅड बघितलं, मग नख्याचा हात धरून तळवा वर केला. तापलेल्या पत्र्याने तो लालबुंद झाला होता.

"हे लागत नाही तुला?"

नख्याने हात ओढून घेऊ बघितलं.

"कधीपासून?"

"झाले दिवस."

मालकाने हात सोडला. बाहेर कुणी आहे का ते बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "ऐक. बाईंना सांगू, ओरखडा खोल होता, आत अस्तरापर्यंत गेला होता, म्हणून रंगवावं लागतंय. खोटं तरी कुठे आहे? होताच खोल."

"होता. पण ते आधी सांगायला हवं होतं मी. त्यांनी तसाच ठेवला असता."

"मग आता सांगून काय मिळणार आहे? हात दाखवून अवलक्षण कशाला?"

नख्याने मशीनची पिन काढली आणि ते फळीवर ठेवलं. दुपारभर तो गाडीशेजारच्या स्टुलावर बसून राहिला. चहा आला तो गार झाला. मालकाचं म्हणणं त्याला पटतही होतं. इतके दिवस मूग गिळून बसला होता, आणखी एक दिवस बसला असता.

ऊन कलल्यावर बाई आल्या. मालक पुढे झाला, "या बाई, काय झालंय..." आणि तेवढ्यात नख्या स्टुलावरून उठला.

"बाई, रंग माझ्या हातून उडाला. ओरखडा खोल होता. मला कळला नाही."

"तुम्हाला कळला नाही?" बाईंना आधी ती गंमतच वाटली.

"माझ्या बोटांना आता काही लागत नाही. शिरा मेल्यात म्हणतात डॉक्टर. मी कुणाला सांगितलं नाही."

बाई डागापाशी गेल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वर्गात उशिरा आलेल्या मुलाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "कधीपासून लागत नाही?"

"दीड वर्ष झालं."

"मागच्या वर्षी गाडी मधेच आणली होती मी. दारावरच्या रेषांसाठी. म्हणजे तेव्हासुद्धा?"

"तेव्हासुद्धा."

"तेव्हाही नख फिरवून दाखवलंत मला."

नख्याने मान खाली घातली. कुणी तोंडात मारली असती तर बरं, असं त्याला झालं. बाईंनी आवाज चढवला नाही. मालकाकडे वळून त्या म्हणाल्या, "रंगवा आता. दुसरं काय करणार?" आणि गाडीतली पाण्याची बाटली तेवढी घेऊन चालत निघाल्या.

त्या गेल्यावर मालकाने वरच्या खणातलं खोकं काढलं. यंत्र पुसून तो गाडीभर फिरला. दार, छत, मागचं झाकण, सगळीकडे टेकवून बघत गेला. आकडे तो मोठ्याने म्हणाला नाही. बॉनेटच्या दुसऱ्या कडेला तो थांबला आणि म्हणाला, "इथेही रंग काही उरला नाहीये रे. पुढच्या खेपेला इथे उघडं पडलं असतं."

चार दिवसांनी बाई गाडी न्यायला आल्या. बॉनेट काळंभोर, चकचकीत झालं होतं आणि त्यामुळे बाकीची गाडी एकदम म्हातारी दिसत होती. मालकाने बाईंना निरोप दिला. नख्या फळीशी उभा होता. बाईंनी त्याच्याकडे बघितलं, पण बोलल्या मालकाशीच. "येते," म्हणाल्या.

त्यानंतर मशीन त्याच्या हातात दिलं गेलं नाही. मालक वाईट वागला नाही. गाड्या आतून पुसायचं, सीट झाडायचं काम त्याने दिलं आणि "यात तुझा तरी काय दोष?" असंही म्हणाला. पण गिऱ्हाइकं येऊन विचारायची, "नख्याशेठ, जरा बघता का हे?" आणि त्याला आत गाडीत वाकल्या वाकल्या म्हणावं लागायचं, "तिकडे दाखवा." दोन महिने त्याने काढले. मग एके दिवशी जेवणाचा डबा घेऊन जो घरी आला तो परत गेला नाही. मालक एकदा घरी येऊन गेला. दोघं उस्तादाच्या गोष्टी बोलले. कामाचं कुणीच बोललं नाही.

आता तो गाड्यांच्या सामानाच्या एका दुकानात गल्ल्यामागे असतो. त्याच्या पाठीमागे डब्यांची रांग आहे. लोक मोबाइलमध्ये ओरखड्याचा फोटो दाखवतात आणि विचारतात, यावर कुठलं कंपाउंड? फोटोत खोली कळत नाही, असं तो सांगतो. आधी नरम घ्या, हाताने लावा, थोड्या जागेवर. लोक ऐकून घेतात आणि लवकर काम होणारं मागतात. त्याने एकदोघांशी वाद घातला, तेव्हा दुकानदार म्हणाला, "काका, मागतील ते द्या." भरणारं पॉलिश सगळ्यात जास्त खपतं. तेही तो काढून देतो.

सकाळी निघताना बायको त्याच्या शर्टाची वरची बटणं लावते. खालची तो बघून बघून लावतो, पण गळ्याशी बघता येत नाही.

"आज भाजी आणाल का येताना?" तिने परवा विचारलं.

"आणीन. पण टोमॅटो नको सांगू. मऊ पडलेत की घट्ट, मला कळत नाही."

"बरं," ती म्हणाली आणि कॉलर सारखी केली.