सिटी आधी की निसर्ग आधी

समुद्रावर जाऊ या, असं मी म्हणाले होते. त्या सगळ्या प्रकरणात माझा वाटा एवढाच.

रविवारची दुपार होती. ताई आणि भाऊजी नोएडाहून आमच्याकडे फरीदाबादला जेवायला आले होते. आम्ही दोघी बहिणी लग्नानंतर दिल्लीच्या दोन टोकांना येऊन पडलो, ती यमुनेच्या पलीकडे आणि मी अलीकडे. मधला कालिंदी कुंजचा जॅम ओलांडायला कधीकधी इतका वेळ लागतो की तेवढ्यात माणूस विमानानं गोव्याला पोचेल. त्यामुळे भेटलो की आम्हाला बोलायला खूप असतं. पण त्या दिवशी ताई गप्प होती. ती शाळेत शिकवते, पावसाळाभर तिची परीक्षांची कामं चालली होती. हात पुसत ती म्हणाली, "मला ना, कुठंतरी पाण्यात पाय घालून नुसतं बसायचंय."

"समुद्रावर जाऊ या," मी म्हटलं. "कोकणात. चांगलं आठवडाभर."

तेवढ्यात माझा नवरा पेन घेऊन आला.

नवरा केंद्र सरकारच्या एका खात्यात अधिकारी आहे. त्याच्या हातात पेन आलं की साध्या इच्छेचंही प्रकरण होतं, आणि प्रकरण म्हटलं की त्याला सगळ्या बाजू लागतात. भाऊजी एका कंपनीत प्रोजेक्ट सांभाळतात. ते पेन वापरत नाहीत, लॅपटॉप उघडतात. त्या दुपारी दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जसे दोन पहिलवान आखाड्यात उतरण्यापूर्वी पाहतात.

"अच्छा, आधी उद्दिष्ट ठरवू," नवरा म्हणाला.

"स्कोप," भाऊजी म्हणाले.

"तुम्ही दोघी सांगा ना, तुम्हाला नक्की काय हवंय?"

"समुद्र," मी म्हटलं.

"ते झालंच. पण त्यात काय?"

ताईनं पुन्हा पाण्यात पाय घालायचं सांगितलं. नवऱ्यानं ते लिहून घेतलं. नंतर मी कागद पाहिला तर त्यावर होतं: "बीच, अर्धा तास."

पुढचे रविवार असेच गेले. एकदा ते आमच्याकडे, एकदा आम्ही त्यांच्याकडे. बैठक जेवणानंतर सुरू व्हायची, म्हणजे आधी आम्ही दोघींनी स्वयंपाक करायचा, मग त्यांनी आमच्या विश्रांतीची चर्चा करायची. नवऱ्याचं म्हणणं, किनारा धरून मालवणपासून अलिबागपर्यंत वर सरकायचं, रोज नवा मुक्काम, वाटेत खाड्या, कांदळवन, पक्षी. पक्ष्यांसाठी त्यानं दुर्बीण घेतली होती आणि तिच्यातून समोरच्या सोसायटीतली कबुतरं बघून सराव चालू होता. भाऊजींना पक्षी नको होते. त्यांना एक चांगलं रिसॉर्ट हवं होतं, स्विमिंग पूलवालं.

"समुद्राच्या काठी पूल कशाला?" मी विचारलं.

"बॅकअप," भाऊजी म्हणाले.

शिवाय त्यांना एक शहरही हवं होतं. आठवडाभर नुसता निसर्ग झेपत नाही, मध्ये कॉफी मिळेल अशी जागा पाहिजे, असं त्यांचं मत. नवऱ्यानं रत्नागिरी सुचवली, त्यांनी पणजी. मग दोन्ही घेतली. कोल्हापूर कुणी सुचवलं आठवत नाही, पण एका रविवारी तेही आत आलं. कोल्हापूरला समुद्र नाही हे ताईनं सांगितलं, तेव्हा दोघेही एकाच सुरात म्हणाले, "ट्रान्झिट."

माझी लेक सातवीत आहे. तिचा जन्म इथलाच, मराठी घरातली, पण घरातली म्हणजे अगदी घराच्या चार भिंतींतली. एकदा नवरा गंभीरपणे म्हणाला, "खाडीत जायचं तर भरतीची वेळ बघायला हवी."

"कोणाची भर्ती?" तिनं विचारलं. "आर्मीची?"

सगळे हसले, मीही हसले. मग लक्षात आलं, तिनं हा शब्द फक्त रस्त्याकडेच्या भिंतींवर वाचलाय, कोचिंग क्लासच्या जाहिरातीत. ओहोटी तर तिला कुठंच भेटलेली नव्हती. समजावताना मी टेबलावरचं पाणी हातानं पुढे-मागे करून दाखवलं. "म्हणजे समुद्र रोज जातो आणि परत येतो?" ती म्हणाली. "पापासारखा?" मी हो म्हटलं.

खरेदीही झाली. सहलीचा पत्ता नव्हता, पण करोल बागेत जाऊन आम्ही सगळ्यांनी गवती टोप्या घेतल्या. दुकानदार म्हणाला, "मैडम, बिल्कुल गोवा का माल है." टोपीच्या आत पानिपतचं लेबल होतं.

मग तज्ज्ञ बोलवायचं ठरलं. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाच्या ओळखीची मुलगी होती, देवगडकडची, दिल्लीत मुनिरकाला खोली घेऊन नागरी सेवा परीक्षेची तयारी करणारी. तिला रविवारी जेवायला बोलावलं. किडकिडीत, चष्मेवाली, पाठीला बॅग. भाऊजींनी तिच्यासमोर लॅपटॉप वळवला. नवऱ्यानं विचारलं, "नोव्हेंबरमध्ये तिकडचा समुद्र कसा असतो?"

"खारा," ती म्हणाली, आणि मग आपण काय बोललो हे कळून लाजली.

ताईनं तिला सुरमईचं कालवण वाढलं. दिल्लीतली बर्फातली सुरमई, तिच्यात काय चव असणार, पण ती मुलगी मान खाली घालून जेवत राहिली. तिनं भात पुन्हा घेतला, पुन्हा घेतला. परीक्षेच्या मागे ती बरेच दिवस घरी गेली नव्हती. निघताना मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "काकू, हे सगळं फिरून दमाल तुम्ही. आमच्याकडे जा. आई वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देते. समोर समुद्रच आहे." मी तिच्या आईचा नंबर फोनमध्ये घेतला. बाहेर येऊन सांगितलं तर भाऊजी म्हणाले, "रिव्ह्यू आहेत का?"

दिवाळी आली. हवा नेहमीसारखी झाली, म्हणजे समोरची सोसायटी दिसेना आणि दुर्बिणीतली कबुतरंही गेली. तरी तिकिटं काढलेली नव्हती. प्लॅन फायनल झाल्याशिवाय तिकीट कसं काढणार, हे दोघांनाही मान्य होतं. ते एकमत सोडलं तर बाकी सगळं फिसकटलं, आणि तेही एका प्रश्नावर: सिटी आधी की निसर्ग आधी. भाऊजींचं म्हणणं, सुरुवात पणजीनं करावी, हळूहळू निसर्गात शिरावं, एकदम धक्का नको. नवऱ्याचं म्हणणं, निसर्ग आधी, शहर शेवटी, म्हणजे परत यायची मानसिक तयारी होते. दोघांनी आवाज चढवला नाही. सुशिक्षित माणसं चढवत नाहीत. भाऊजींनी ग्रुपवर "फायनल, व्हर्जन नऊ" टाकलं आणि नवरा ग्रुप सोडून गेला. त्या ग्रुपमध्ये आम्ही चौघंच होतो.

दुसऱ्या दिवशी खराब हवेमुळे शाळा बंद झाल्या. ताईचा फोन आला. "माझी शाळा बंद, तुझ्या लेकीची बंद. तुझी रजा?"

माझी रजा मंजूर होती. मीही केंद्राच्याच एका मंत्रालयात काम करते. पहिल्या बैठकीनंतरच मी अर्ज दिला होता आणि तारखा दोनदा पुढे ढकलून घेतल्या होत्या.

"मग आपण जाऊ या ना, यार," ताई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती मला यार म्हणाली असेल.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. त्यानं पेनाला टोपण लावलं आणि विचारलं, "पण तुम्ही आधी कुठं जाणार?"

"देवगडला."

"आणि नंतर?"

"देवगडलाच."

तत्काळमध्ये तीन बर्थ मिळाले. निजामुद्दीनहून गाडी पकडली आणि कणकवलीला उतरलो. त्या मुलीच्या आईनं रिक्षा पाठवली होती. बाई बुटकी, काटक, बोलणं कमी. दारात पाय धुवायला पाणी दिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "माझा चेडू जेवता मा बरा?"

माझी लेक माझ्या तोंडाकडे बघायला लागली. "मुलगी नीट जेवते का, विचारतायत," मी सांगितलं. ताईनं उत्तर दिलं, "जेवते हो, छान जेवते." मला तिनं पुन्हापुन्हा घेतलेला भात आठवला.

पहिले दोन दिवस आम्ही पाण्यात पाय घालून बसलो. लेक शंख गोळा करत होती. ताई डोळे मिटून बसायची. तिकडे फरीदाबादला मात्र काम सुरू झालं होतं. आम्ही गेल्यावर दोघांना एकमेकांशिवाय कोण होतं? भाऊजी बॅग घेऊन आमच्या घरी राहायला आले, नवरा ग्रुपवर परत आला, आणि रोज सकाळी आम्हाला संदेश यायला लागला. "दिवस दुसरा. आता तुम्ही किल्ल्यावर असायला हवं." आम्ही उत्तर द्यायचो, "आहोत." फोटो मागितला की नेटवर्क नाही म्हणायचो. कधी फोन आला की मागे कुकरची शिट्टी ऐकू यायची. दोघं रोज खिचडी करत होते आणि पाणी किती घालायचं यावर त्यांच्यात मतभेद होते.

तिसऱ्या दिवशी एक अवघड गोष्ट घडली. ताईनं डोळे उघडले आणि विचारलं, "आता काय करायचं?"

मलाही तोच प्रश्न पडला होता, पण मी म्हणणार नव्हते. इतके महिने ज्यासाठी तळमळलो ते दोन दिवसांत करून झालं होतं. आम्ही शरमेनं एकमेकींकडे पाहिलं. मग ताई म्हणाली, "त्यांचा प्लॅन काय म्हणतो बघ जरा."

प्लॅन म्हणत होता, सकाळी लवकर खाडीत होडीनं पक्षीनिरीक्षण, भरतीची वेळ साधून. आम्ही होडीवाल्याला गाठलं. त्यानं पाण्याकडे पाहिलं. "आता नको, पाणी उतरता."

ताईनं त्याला फोनवरचा तक्ता दाखवला. "यात भरती लिहिलीय."

"लिवलेली असात," तो म्हणाला. "बसा."

त्यानं आम्हाला नेलं, आणि वळणापलीकडे होडी चिखलात बसली. नंतर मला उलगडा झाला. नऊ व्हर्जन झाली होती, तारखाही दोनदा बदलल्या होत्या, पण भरतीची वेळ पहिल्या व्हर्जनचीच राहिली होती. होडीवाला चिडला नाही. विडी काढली आणि म्हणाला, "आता भरती लागासर हयच." पाणी पुन्हा चढेपर्यंत, म्हणजे दुपारपर्यंत, आम्ही तिथं होतो. आजूबाजूला काळा चिखल, त्यात खेकड्यांची भोकं आणि बगळे, इतके जवळ की दुर्बीण लागली नसती. आधी आम्ही चिडलो, मग कोणाचा नवरा जास्त जबाबदार यावर भांडलो, मग ताईला हसू फुटलं ते थांबेचना. लहानपणी आम्ही एका अंथरुणात झोपायचो, तेव्हा ती तशी हसायची. लेक होडीच्या कडेवरून वाकून बघत होती. बऱ्याच वेळानं ती ओरडली, "मम्मा, आलं, पाणी आलं," आणि होडी हलकेच हलली.

घरमालकीणबाई मात्र समुद्रावर कधी यायची नाही. रोज अंगण सारवायची, मासे साफ करायची, समोर लाटा आपटत असायच्या, पण ती पाठ करून. "चला ना आमच्याबरोबर," मी म्हणायचे.

"दर्यात काय बघूचा आसा?"

शेवटच्या संध्याकाळी लेकीनं तिचा हात धरला आणि ओढतच नेलं. बाई आधी वाळूत थांबली. मग लुगड्याचा काठ वर खोचला आणि गुडघ्यापर्यंत पाण्यात शिरली. तिथं कमरेवर हात ठेवून उभी राहिली, कुणाला तरी जाब विचारावा तशी. लेकीनं फोटो काढला.

परत आल्यावर नवऱ्यानं आणि भाऊजींनी आमचं स्वागत केलं. दोघांची चांगलीच गट्टी जमली होती आणि पुढच्या सहलीचा पहिला मसुदाही तयार होता, यावेळी डोंगर. ताईनं तो वाचला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला.

पुढच्या रविवारी मी लेकीला घेऊन मुनिरकाला गेले. बाईनं कोकमं, कुळथाचं पीठ आणि कागदात गुंडाळलेले सुके बांगडे दिले होते. गल्ली इतकी अरुंद की दोन्ही बाजूंच्या बाल्कन्या एकमेकींना टेकलेल्या. चौथ्या मजल्यावर ती खोली, भिंतीवर नकाशे. मुलीनं पिशवी उघडली आणि बांगड्यांचा वास खोलीभर पसरला. तिच्याबरोबर खोलीत राहणाऱ्या मुलीनं, बिहारकडची होती ती, उठून खिडकी उघडली.

"आईनं काय विचारलं?"

"तू जेवतेस का."

"तुम्ही काय सांगितलं?"

"जेवते म्हणालो."

ती बरं म्हणाली. मग लेकीनं तिला फोनमधला फोटो दाखवला. तिनं तो हातात घेतला, जवळ नेला, बोटांनी मोठा केला.

"ही आई आहे?" ती म्हणाली. "ती कधी येत नाही पाण्यात. आम्ही लहान असताना किती बोलवायचो."

तिनं तो फोटो स्वतःला पाठवून घेतला आणि गॅसवर चहाचं आधण ठेवलं. चहा होईपर्यंत तिनं तो फोटो आणखी दोनदा उघडून पाहिला.