नांदरुक हजर

जगातल्या सगळ्या क्रांत्या आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या मास्तरांच्या वाटेवरून जायच्या असत्या, तर आजवर एकही क्रांती झाली नसती, असं माझं ठाम मत आहे. मास्तरांनी मोर्चा वाटेतल्या पहिल्याच झाडाखाली थांबवला असता, सगळ्यांना चपला काढायला लावल्या असत्या आणि म्हटलं असतं, "घोषणा नंतर. आधी ज्याच्या सावलीत उभे आहात त्याचं नाव सांगा." आणि नाव कुणालाच आलं नसतं, म्हणून मोर्चा तिथेच बसला असता.

मी कल्याणच्या शाळेत इतिहास शिकवायला लागलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. माझं बालपण पत्रकांवर गेलं. बेचाळीस साली माझा मामा तांदळाच्या डब्यात चोरटी पत्रकं लपवायचा आणि मला वाचायचं वेड लागलं ते त्यांच्यावरच. त्यामुळे अन्याय दिसला की मला आधी मथळा सुचायचा, मग राग यायचा. अशा माणसाला मुख्याध्यापकांनी पहिल्याच महिन्यात मास्तरांच्या सहलीला जोडून दिलं. "चाळीस मुलं आहेत, आणि मास्तर एकटे. शिवाय ते झाडं मोजतात, मुलं मोजत नाहीत," असं ते म्हणाले. त्यात अतिशयोक्ती नव्हती, हे मला पहिल्याच सहलीच्या संध्याकाळी कळलं.

सहल एकाच ठिकाणी जायची. आंबिवलीच्या बाजूला एका इनामदारांची जुनी बाग होती. आत पायऱ्यांची दगडी विहीर, गुरांना पाणी पाजायची कोरीव डोण, आणि पाच पिढ्यांनी लावलेली झाडं. आंबिवली म्हणजे कल्याणहून हाकेच्या अंतरावरचं स्टेशन, पण मास्तर गाडीत बसू द्यायचे नाहीत. "गाडीतून झाडं पळताना दिसतात. पळणाऱ्याशी ओळख कशी होणार?" म्हणून चाळीस मुलं आणि मी उन्हातून पायी. मास्तर पुढे, काखेत छत्री, खांद्याला खादीची पिशवी, आणि चाल अशी की मागून येणारी बैलगाडीसुद्धा कंटाळून पुढे जायची. उल्हासच्या पुलावर ते अर्धा तास थांबत. का, असं मी एकदा विचारलं. "नदी जाते आहे ना," ते म्हणाले. हे उत्तर झालं का?

पण माझं डोकं खरं फिरायचं ते बागेच्या फाटकाशी. फाटक उघडंच असायचं, तरी मास्तर मुलांना रांगेत उभं करून आत निरोप पाठवायचे. मग म्हातारे इनामदार कानाला मफलर गुंडाळून बाहेर यायचे. मास्तर वाकून नमस्कार करायचे. "मुलं भेटीला आली आहेत." "कुणाच्या?" "झाडांच्या." "या." दर खेपेला हेच चार संवाद, नाटकातल्यासारखे पाठ. स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि स्वतंत्र देशाची मुलं एका इनामदाराच्या दारात परवानगीसाठी तिष्ठत होती! मी दात खाऊन मास्तरांना म्हटलं, "ही बाग कुळांच्या घामावर उभी आहे. वाकता काय?" मास्तर म्हणाले, "मी त्यांच्यापुढे वाकत नाही हो. फाटकावर मधुमालती फार खाली आली आहे."

आत गेल्यावर हजेरी. मुलांची नव्हे, झाडांची. मास्तरांच्या पिशवीत शाळेचा जुना हजेरीपट असायचा, आणि त्यात मुलांच्या नावांच्या रकान्यात बकुळ, बेहडा, रिठा, सुरंगी, कदंब, करंज अशी नावं. प्रत्येक झाड एका मुलाच्या नावे लावून दिलेलं. मास्तर विहिरीच्या कठड्यावर बसून पुकारायचे, "बकुळ!" की सुमन नावाची एक चुणचुणीत मुलगी धावत जाऊन खोडाला हात लावून ओरडायची, "हजर!" बागेचा आगरी माळी या कामात मुलांहून रंगलेला. "मास्तर, करंजाला आज बरा नाय. कीड हाय," असं तो सांगायचा आणि मास्तर गंभीरपणे करंजापुढे 'आजारी' असा शेरा लिहायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, "देशात माणसांची हजेरी कुणी घेत नाही, आणि तुम्ही झाडांची घेता?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही माणसांची घ्या की. मी कुठे अडवतोय? बेहडा!"

मी माणसांची घ्यायची ठरवली. कल्याणात मित्राच्या छापखान्यात दोन रात्री बसून पत्रक काढलं. मथळा होता, 'हे फाटक कोणाच्या बापाचं?' आत लिहिलं की गुलामीच्या पारंब्या सोडून बसलेल्या त्या वडाखाली आमची मुलं भिकाऱ्यांसारखी उभी राहतात. बाग मुलांच्या मालकीची झाली पाहिजे. ते पत्रक मी बाजारात वाटलं, स्टेशनवर वाटलं, आणि तत्त्वाचा प्रश्न म्हणून एक प्रत इनामदारांना टपालाने पाठवली.

चार दिवसांत शाळेत चिठ्ठी आली. यापुढे शाळेच्या मुलांनी बागेत येऊ नये. मुख्याध्यापकांनी मला जे सुनावलं ते मी अभिमानाने ऐकून घेतलं. पण वर्गात गेलो तर सुमन पहिल्याच बाकावर डोळे पुसत होती. "सर, माझी बकुळ आता कुणाला हजर म्हणेल?" या प्रश्नाला माझ्याकडे मथळा नव्हता.

मास्तर रागावतील, निदान बोलणं टाकतील, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी चित्रकलेच्या खोलीत बोलावून माझं पत्रक माझ्यापुढे ठेवलं. त्यावर लाल पेन्सिलीने एकच खूण होती. 'वड' खोडला होता.

"बागेत वड नाही," ते म्हणाले.

"फाटकाजवळचा तो मोठा?"

"नांदरुक. पान गुळगुळीत, लहान. तीन वेळा त्याच्याखाली बसून तुम्ही दशम्या खाल्ल्यात."

"मास्तर, तो मुद्दा नाही! मुद्दा मालकीचा आहे."

"असेल. पण ज्याचं नाव माहीत नाही ते दुसऱ्याच्या हातून काढून घ्यायला निघालात. छापण्याआधी विचारायचं तरी." मग पिशवीतून हजेरीपट काढला. "नांदरुकाला कुणी मूल नव्हतं. फार मोठा म्हणून मुलं घाबरतात. तुमच्या नावे लावतो." आणि खरोखर, सुवाच्य अक्षरात, नांदरुकासमोर माझं नाव लिहिलं. बावीस वर्षांच्या तत्त्वनिष्ठ तरुणाचा इतका अपमान इंग्रजांनीही केला नसता.

पुढच्या शनिवारी मास्तर नेहमीसारखे चाळीस मुलं घेऊन निघाले. "फाटक बंद आहे!" मी ओरडलो. "फाटक बंद आहे. रस्ता कुठे बंद आहे?" पुन्हा ऊन, पुन्हा पुलावर अर्धा तास. बागेच्या भिंतीबाहेर, धुळीत, त्यांनी मुलांना ओळीने उभं केलं, हजेरीपट उघडला आणि भिंतीकडे तोंड करून खणखणीत आवाजात पुकारलं, "बकुळ!"

हात लावायला खोडच नव्हतं. मला लाजेने मेल्यासारखं झालं. रस्त्यावरचे दोन गाडीवान थांबून बघत होते. आणि भिंतीपलीकडून माळ्याचा आवाज आला, "हजर हाय!"

"बेहडा!" "हजर!" "करंज!" "हजर, मास्तर! कीड गेली!" मुलं नाचायला लागली. असं करत यादी संपत आली आणि मास्तरांनी मुद्दाम घसा साफ केला. "नांदरुक!"

आतून आवाज नाही. मास्तर माझ्याकडे पाहत होते. चाळीस मुलंही पाहायला लागली. पण मी इनामदाराच्या भिंतीपुढे उभा राहून 'हजर' म्हणणार नव्हतो. काही झालं तरी नाही. तेवढ्यात भिंतीआडून इनामदारांचा चिडका, खोकणारा आवाज आला, "नांदरुक हजर आहे! तो पत्रकवाला कुठे आहे?"

सुमनने माझा सदरा ओढला. "सर, म्हणा ना."

"हजर," मी म्हणालो. आवाज फार लहान आला.

भिंतीपलीकडे बराच वेळ खोकला चालला. मग कडी निघाल्याचा आवाज झाला. "मुलांना आत सोड रे. त्या वडवाल्याला बाहेरच ठेव." मुलं हुर्रे करत आत पळाली. मास्तर माझ्यासाठी थांबले असतील असं वाचकांना वाटेल. छे! माझ्याकडे वळूनही न पाहता मधुमालतीखाली वाकून ते आत गेले. मी दोन तास रस्त्यावर बसलो, आणि दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे भिंतीवरून बाहेर आलेली नांदरुकाची फांदी बघत राहिलो. पान खरंच लहान आणि गुळगुळीत होतं.

त्यानंतर दोन वर्षं सहल चालू राहिली. तिसऱ्या खेपेपासून मलाही आत घेतलं. मग म्हातारे इनामदार वारले, इनामं गेली. माझ्या पत्रकातली मागणी अर्धी पुरी झाली. बाग इनामदारांची राहिली नाही. पण ती मुलांची झाली नाही, लाकडाच्या ठेकेदाराची झाली. मी तेव्हाही पत्रक काढलं, सगळ्या झाडांची नावं बरोबर लिहून. ठेकेदाराने ते वाचलंसुद्धा नाही. फाटकाजवळचा नांदरुक तेवढा रस्त्याच्या वळणावर आल्यामुळे बरीच वर्षं उरला.

मास्तर निवृत्त होऊन डोंबिवलीला मुलीकडे राहायला गेले. दृष्टी जवळजवळ गेली आहे. गेल्या महिन्यात भेटायला गेलो, तर चहा व्हायच्या आत त्यांनी उशाखालून हजेरीपट काढला. बाकी सगळ्या नावांपुढचे रकाने रिकामे होते. त्यांनी चाचपडत पेन्सिल धरली आणि जुन्याच आवाजात पुकारलं, "नांदरुक?"

आदल्याच आठवड्यात रस्ता रुंद करताना तो तोडला होता. बुंध्याच्या कापावर हात ठेवून मी उभा राहून आलो होतो. मी आयुष्यात पत्रकातसुद्धा जाणूनबुजून खोटं लिहिलेलं नाही.

"हजर, सर," मी म्हणालो.

त्यांचे न दिसणारे डोळे माझ्याकडे वळले. एकदा त्यांनी माझा वड एका फटक्यात खोडला होता. या वेळी त्यांनी बोटाने रकाना शोधला, आणि हलक्या हाताने हजेरीची खूण केली.