दोन वाट्या आणि खजूर

खजुराचा वास आला की मला मावसबहिणीचा मुलुंडचा फ्लॅट आठवतो, तिच्या सुनेच्या डोहाळेजेवणाचा दिवस. सुनेला गरम जिलबीचे डोहाळे लागले होते आणि बहिणीला क्लीन इटिंगचे. म्हणजे साखर, मैदा, तेल यांना घरात बंदी आणि आल्यागेल्याला फुकट प्रवचन. पानात उकडलेला दुधी होता आणि नाचणीची कोरडी भाकरी. फुलांचे दागिने घातलेली सून बोटानं दुधी पानाच्या कडेला सारत बसली. मग दोन झाकलेल्या वाट्या आल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. सुनेनं एक उघडली, तर खजुराचा लाडू! दुसरीत? तोही खजुराचाच! "अहो ताई, मग ओळखायचं कसं?" सुनेची आई किंचाळली. "साखर विष आहे हो," बहीण संतासारखी हसली. सून हळूच सासूला म्हणाली, "आई, एकच जिलबी द्या ना." "खजूर खा गं, सवय होईल." झालं! पोरीचे डोळे भरले. तिच्या आईनं ओटीचा नारळ पिशवीत टाकला, लेकीचा हात धरला आणि म्हणाली, "चल गं, बाळंतपणाला आत्ताच माहेरी. वाटेत जिलबी खाऊ." दोघी गेल्यासुद्धा! बहीण अजून मला प्रेमानं जेवायला बोलावते आणि मीही आनंदानं जाते, घरून पोटभर जेवून.