निळ्या बाटलीतलं औषध

समुद्राला लागून असलेल्या त्या घरात कपाटामागच्या भिंतीवर सारखी बुरशी धरायची. साफसफाईच्या मावशी म्हणायच्या, "व्हिनेगरनं पुसू आणि भिंत नीट कोरडी करू." पण घरमालकीण बाई होत्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या कुणाचं ऐकतील तर शपथ! "नाकाला झणझणलं नाही, तर घर स्वच्छ झालं कसं म्हणायचं?" असं म्हणून त्या निळ्या बाटलीतलं औषध फवारायला लावायच्या आणि दिवसभर शिंकत बसायच्या.

बाटली संपल्यावर मावशींनी ती खळखळून धुतली, तिच्यात गुपचूप व्हिनेगर आणि पाणी भरलं आणि 'मी नाही त्यातली' असा चेहरा करून भिंत पुसली. बुरशी गेली, शिंकाही थांबल्या.

"बघा, याला म्हणतात औषध!" बाई म्हणाल्या. मावशी गालातल्या गालात हसल्या.

महिन्याभरानं बाई हळूच म्हणाल्या, "मावशी, आज त्या औषधात लिंबू पिळा. व्हिनेगरचा वास फार येतो."

मावशींच्या हातातलं फडकं जागीच थांबलं. "बाई, तुम्हाला कळलं होतं?"

"छत्तीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्यात मी. पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाही?"

"हरले म्हणून तुम्हाला सांगू होय?"

मावशी पोट धरून हसत सुटल्या. बाईंनी मात्र तोंड वर्गातल्यासारखं कडक ठेवून लिंबू कापायला घेतलं.