ओडेसाचे पांढरे केस

जॉर्जियातल्या मेकन शहरात, काळ्यांच्या वस्तीत, व्हर्लीन टॅगर्टचे पार्लर चौतीस वर्षे एकाच जागी होते. बायका दाट, कुरळे, एकमेकांत गुंतलेले केस घेऊन शनिवारी यायच्या आणि तापवलेल्या लोखंडी कंगव्याखालून सरळ, चकचकीत होऊन रविवारी चर्चला जायच्या. कपाळाशी पांढरी रेघ दिसली की व्हर्लीन ती काळी करायची. "पांढरं दिसलं तर बदनामी माझी," असे ती हसत म्हणे. पण ती ते खरेच मानत असे.

वस्तीत एक रीत आहे. बाई गेली की तिला अंघोळ घालणे, कपडे चढवणे हे फ्युनरल होमची, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेची माणसे करतात. केस मात्र तिच्या नेहमीच्या पार्लरवालीनेच करायचे. व्हर्लीनने अशी साठेक डोकी केली होती. उघड्या शवपेटीत उशीला टेकलेली मागची बाजू कोणाला दिसत नाही, म्हणून पुष्कळ जणी ती सोडून देतात. व्हर्लीन सोडत नसे, आणि ते सगळ्यांना सांगत असे.

ओडेसा मिम्स हे तिचे सर्वांत जुने गिऱ्हाईक. शाळेच्या ग्रंथालयात नोकरी, चर्चच्या गाणाऱ्यांत पहिल्या रांगेत जागा. सव्वीस वर्षे तिने ठरलेला शनिवार चुकवला नाही. दोन वर्षांपूर्वी, निवृत्तीनंतरच्या पहिल्याच शनिवारी, ती खुर्चीत बसून म्हणाली, "व्हर्लीन, आज फक्त काप. रंगवलेलं सगळं काढून टाक. डोक्यावर जे उगवतंय तेच ठेवायचंय मला."

"काय उगवतंय ठाऊक आहे का बाई तुला? भांडी घासायची तारेची घासणी! आणि तीसुद्धा पांढरी."

वाट बघत बसलेल्या बायका खो खो हसल्या. ओडेसाही थोडी हसली.

"चर्चमधले म्हातारे हात धरून पायऱ्या चढवतील तुला," व्हर्लीन पुढे म्हणाली.

"चढवू देत की. गुडघे दुखतातच माझे."

व्हर्लीनने कात्री उचलली नाही. ओडेसाने गळ्याला बांधलेले कापड स्वतःच सोडले, घडी करून खुर्चीवर ठेवले आणि ती निघून गेली. परत आली नाही; केस तिने घरीच कापले. चर्चमध्ये दोघी भेटत. व्हर्लीन तिच्या डोक्याकडे न बघता बोलायची.

मार्चमध्ये ओडेसा झोपेतच गेली. तिची मुलगी रोशेल अटलांटाहून आली आणि तिने व्हर्लीनला फोन केला.

"मिस व्हर्लीन, मम्माचे केस तुम्हीच करा. दुसऱ्या कुणाचा हात तिला चालला नसता. फ्युनरल होममध्ये फोटो ठेवून जाते, तसे करा."

"फोटो कशाला गं पोरी? ते डोकं पाठ आहे मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्लीन पेटी घेऊन फ्युनरल होमच्या मागच्या खोलीत गेली. फोटोचे पाकीट टेबलावर होते. तिने ते बाजूला सरकवून तिथे कंगवा तापवायची शेगडी ठेवली. ती विसरली असे नाही. पाकिटात काय असणार हे ती जाणून होती. समोरचे पांढरे, दाट, वेटोळ्या-वेटोळ्यांचे डोके पाहून ती मोठ्याने म्हणाली, "आता कशी नाही म्हणशील?"

तिने केस काळे केले. वाळवले. कंगव्याने बट-बट सरळ केली, टोके आत वळवली. मागची बाजूही केली. तीन तास लागले. काम सुरेख झाले होते.

दोन वाजता रोशेल आली.

"ही कोण आहे?" तिने विचारले.

मग तिने पाकीट फोडून फोटो व्हर्लीनसमोर धरला. नदीकाठी घडीच्या खुर्चीत ओडेसा बसली होती, हातात मासेमारीची काठी, कानांपर्यंत फुललेले पांढरेशुभ्र केस, तोंड उघडे टाकून हसत.

"दोन वर्षं ती आरशात बघायची ती स्वतःला बघायला, मिस व्हर्लीन. त्याआधी मुळं पांढरी दिसतायत का, एवढंच बघायची."

"सवयीने झालं गं," व्हर्लीन म्हणाली. हे शब्द तोंडातून निघताच तिचे कान तापले. "नाही. सवयीने नाही. मुद्दाम केलं मी."

"रंग निघेल?"

"नाही. पक्का आहे. काढायला गेले तर नारिंगी होतील." तिला दुसरे सुचले. "टोपी घालू या? चर्चची तिची ती जांभळी..."

"टोप्या तिने केव्हाच वाटून टाकल्या."

सरळ केलेले केस तरी परत कुरळे करता येत होते. त्याला फक्त पाणी लागते, ज्या पाण्यापासून व्हर्लीन इतकी वर्षे बायकांना जपत आली होती. रोशेलने फवारा मारला. तीन तासांचे काम दोन मिनिटांत आखडून वेटोळे झाले. व्हर्लीनचा हात कंगव्याकडे गेला.

"कंगवा नको. बोटांनी. टोकाकडून सुरुवात करा, मुळाकडून नाही. गाठ लागली तर ओढायचं नाही, थोडं क्रीम लावायचं नि थांबायचं."

सहासष्ट वर्षांची व्हर्लीन शिकवल्याप्रमाणे करू लागली. रोशेल दोन-दोन बटांना पीळ घालत होती. व्हर्लीनला पीळ नीट जमेना. तिचे सैल सुटत होते, आणि रोशेल ते उकलून पुन्हा घालत होती. केस मऊ होते. सव्वीस वर्षे तिने ते धुतले होते, पण प्रत्येक वेळी वाळवून सरळ करायच्या घाईत.

मागच्या बाजूसाठी तिने ओडेसाचे डोके दोन्ही हातांवर उचलून धरले. तेवढेच तिला धड जमले. पीळ वाळल्यावर रोशेलने ते उकलले. डोके फोटोतल्यासारखे फुलले, फक्त रंग काळाकुट्ट होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चमध्ये लोक रांगेने शवपेटीपाशी आले. व्हर्लीन पेटीच्या पायाशी उभी होती. गाण्यात ओडेसाशेजारी उभी राहणारी बर्नेल क्रंप पुढे झुकली.

"अगं बाई! दहा वर्षांनी लहान दिसतेय! व्हर्लीन, हात आहे की जादू? माझ्या वेळी अस्संच कर हं."

रोशेल दोन पावलांवर होती. तिने व्हर्लीनकडे पाहिले. व्हर्लीनने नुसती मान हलवली असती तरी भागले असते.

"पांढरे होते तिचे," व्हर्लीन म्हणाली. "तिला पांढरेच हवे होते. पोरीने फोटो ठेवला होता, मी तो उघडला नाही."

"हळू बोल गं. लोक ऐकतायत."

"म्हणूनच."

मागच्या बाईने कौतुक केले तेव्हा तिने तेच सांगितले, आणि तिच्या मागचीलाही. कोणी "असू दे" म्हणाले, कोणी पेटीकडे पुन्हा वाकून पाहिले. दोघीतिघी तशाच पुढे गेल्या. रोशेलने तिला थांबवले नाही. आभारही मानले नाहीत.

प्रार्थना सुरू झाली तेव्हा व्हर्लीन तिच्या नेहमीच्या तिसऱ्या रांगेत बसायला गेली नाही. ती मागच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. तिथून पेटीची कड दिसत होती, ओडेसा दिसत नव्हती.